डाव्या बटणाची साक्ष

पुण्यात सदाशिव पेठेतील एका कर-सल्लागारांच्या कार्यालयातल्या सात संगणकांची देखभाल गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. महिन्याच्या १८ तारखेला तिथून फोन आला, की मी हातातले काम ठेवून निघतो, कारण जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे रिटर्न भरण्याची मासिक मुदत २० तारखेला संपते आणि त्या दोन दिवसांत तिथे कोणी उगाच बोलावत नाही. गेल्या जुलैतल्या १८ तारखेला मात्र साहेबांनी काही बिघडल्याचे सांगितलेच नाही. "तुम्ही या, आणि कोणता फोल्डर कोणी कधी हलवला हे संगणकातून काढता येते का, तेवढे पाहा," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

प्रकरण असे होते, की तीन आठवड्यांत चार अशिलांचे फोल्डर जागेवरून नाहीसे झाले होते आणि शोधल्यावर ते दुसऱ्याच अशिलांच्या फोल्डरांच्या पोटात सापडले होते. चारही फोल्डर एकाच संगणकावरचे होते आणि त्या संगणकावर काम करणारी मुलगी कार्यालयात लागून दीडच वर्ष झाले होते. साहेब तिला उघडपणे काही बोलले नव्हते. पण केबिनचे दार लावून ज्या आवाजात त्यांनी मला हे सांगितले, त्यावरून त्यांचा संशय कुठवर गेला आहे हे कळत होते. फोल्डर हलवल्याची नोंद आधीपासून चालू करून ठेवलेली नसेल तर विंडोज ती ठेवत नाही, हे मी त्यांना सांगितले आणि त्या संगणकापाशी जाऊन बसलो.

काम आटोपलेल्या अशिलाचा फोल्डर ओढून 'झाले' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा, अशी त्या कार्यालयाची पद्धत आहे. मी तिला एक रिकामा फोल्डर तयार करून तो तसाच ओढायला सांगितले. पहिल्या दोन वेळा तो बरोबर पोचला. तिसऱ्या वेळी बाण यादीच्या मध्यावर असतानाच फोल्डर हातातून निसटावा तसा निसटला आणि त्या क्षणी बाणाखाली जे नाव होते, त्या अशिलाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडला. एकाच ड्राइव्हवर ओढलेल्या फोल्डरची प्रत होत नाही, तो मूळ जागेवरून हलतो. त्यामुळे मागे काहीच उरले नाही. तिचे बोट बटणावरून उचलले गेले नव्हते, हे मी स्वतः पाहत होतो.

आता मला एप्रिल आठवला. एका क्लिकमध्ये फाइल उघडते, एक खिडकी बंद करायला जावे तर तिच्यामागची दुसरीही बंद होते, अशी तक्रार याच मुलीने तेव्हा केली होती. मी ऐकून घेतले, व्हायरस असावा असे सांगितले, संगणक फॉरमॅट केला आणि ६०० रुपये घेतले. कार्यालयांतले माउस चिकट असतात म्हणून मी स्वतःचा बिनतारी माउस पिशवीत बाळगतो. सगळी तपासणी मी त्याच माउसने केली होती आणि साहजिकच संगणक निर्दोष ठरला होता. आमच्या धंद्यात फॉरमॅट हा सर्वांत सोपा इलाज आहे, कारण त्यात विचार करावा लागत नाही आणि बिलावर तो भारदस्त दिसतो. नंतर पुन्हा तक्रार का केली नाहीस, असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काका, फॉरमॅट करूनही होतंय म्हटल्यावर मला वाटलं, माझाच हात चुकतो."

साहेबांना बाहेर बोलावले आणि चित्र काढायचा पेंट हा प्रोग्राम उघडला. डावे बटण दाबून धरून मी पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश रेघ ओढली. ती कच्च्या धाग्याने टाके घातल्यासारखी उमटली, नऊ ठिकाणी तुटलेली. मग सेटिंग्जमध्ये जाऊन मुख्य बटण डाव्याऐवजी उजवे केले आणि तिच्याखाली दुसरी रेघ उजव्या बटणाने ओढली. ती अखंड आली. संगणक तोच, माउस तोच, प्रोग्राम तोच. दोष विंडोजमध्ये किंवा व्हायरसमध्ये असता तर बटणांची अदलाबदल केल्यावरही तो मुख्य क्लिकबरोबर राहिला असता. साहेबांनी स्वतः माउस हातात घेऊन दोन्ही बटणांनी रेघा ओढून पाहिल्या आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

नवा माउस ४०० रुपयांत येतो आणि दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी तोच सल्ला दिला असता. त्या दिवशी मात्र आतले पाहिल्याशिवाय मला जाववत नव्हते. माउस उलटा करून बुडाच्या गुळगुळीत पट्ट्या उचकटल्या. दोन स्क्रू त्यांच्याखाली निघाले आणि तिसरा, नेहमीप्रमाणे, लेबलखाली लपलेला होता. वरचे कवच काढल्यावर पुढच्या बाजूला दोन्ही बटणांखाली करंगळीच्या नखाएवढे दोन काळे स्विच दिसतात. डाव्या स्विचचे टोपण पात्याच्या टोकाने दोन्ही बाजूंनी सैल करून उचलले. त्यातला बाजरीच्या दाण्याएवढा दट्ट्या हमखास उडून हरवतो, म्हणून मेजावर आधी पांढरा कागद अंथरला होता. आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी असते, तिच्या मधोमध कापलेली जीभ वाकवून ताणात बसवलेली असते, आणि दट्ट्या दाबला की पट्टी पटकन खालच्या संपर्कबिंदूवर आपटते. 'टिक' असा जो आवाज आपण ऐकतो तो तिचाच. भिंगातून पाहिले तर हा बिंदू चांदीसारखा दिसायला हवा होता. तो काळवंडलेला होता आणि पट्टीचा ताणही उजवीच्या मानाने ढिला लागत होता.

धातूवर धातू आपटला की तो काही मिलिसेकंद थरथरतो आणि माउसमधली चिप तेवढी थरथर सोडून देते. बिंदू काळवंडला आणि ताण उतरला, की संपर्क त्याहून जास्त वेळ तुटतो आणि चिपला ती दुसरी दाब वाटते. दोन क्लिकमध्ये ५०० मिलिसेकंदांपर्यंतचे अंतर असले तरी विंडोज मुळात तो डबल क्लिकच धरते. सेटिंग्जमधली डबल क्लिकच्या वेगाची पट्टी अगदी वेगवान टोकाला नेली तरी ते अंतर २०० च्या खाली जात नाही, म्हणून ती पट्टी हलवून हा दोष झाकता येत नाही. अशा स्विचचे आयुष्य बहुधा १ कोटी दाबांचे सांगितले जाते. दिवसाला ५००० क्लिक आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर त्याला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि हा माउस दोन वर्षांचा होता. गंमत अशी, की हे स्विच झिजण्याआधी गंजतात. आजच्या माउसमधून वाहणारा प्रवाह इतका अल्प असतो, की बिंदूवर साचणारा ऑक्साइडचा थर जाळून टाकण्याइतकी ठिणगीही तिथे पडत नाही.

नवा स्विच आणायचा तर तापकीर गल्ली गाठावी लागली असती आणि मुदतीच्या तोंडावर तेवढा वेळ कोणालाच नव्हता. कार्यालयाच्या कपाटात तारा तुटलेले तीन जुने माउस होते. त्यांतल्या एकाच्या उजव्या बटणाचा स्विच अगदी त्याच मापाचा निघाला. उजवे बटण फार कमी वापरले जाते, त्यामुळे मेलेल्या माउसमध्येही ते बहुधा जिवंत असते. तीन पायांचे सोल्डर पंपाने ओढून घेतले, जुना स्विच उपटला, हा बसवला आणि स्क्रू आवळले. अर्धा तास लागला. त्यातली दहा मिनिटे चाकाची छोटी स्प्रिंग परत जागेवर बसवण्यात गेली.

मुख्य बटण पुन्हा डावे केले आणि पेंटमध्ये त्याच चित्रावर तिसरी रेघ ओढली. ती सरळ आली नाही, पण कुठे तुटलीही नाही. एप्रिलचे ६०० रुपये मी साहेबांसमोर मेजावर ठेवले. त्यांनी ते परत माझ्याकडे सरकवले नाहीत, आणि तेच योग्य होते. मग त्या मुलीकडे वळून ते म्हणाले, "तुला आज उशीर झालाय, उरलेल्या दोन अशिलांचे रिटर्न मी भरतो."

मी पेंट बंद करायला गेलो. चित्र जतन करायचे का, असा प्रश्न पडद्यावर आला आणि मी सवयीने 'नको' वर बाण नेला.

"काका, थांबा," ती म्हणाली. तिने माउस माझ्या हातातून घेतला, चित्राला 'डावे बटण' असे नाव दिले आणि ते साहेबांच्या फोल्डरमध्ये जतन केले.