काइटबोर्डिंग : फळीच्या आधी पतंग

काइटबोर्डिंग म्हणजे पायाखाली फळी घेऊन मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ. रामेश्वरमला तो शिकायला येणाऱ्यांचे डोळे फळीवर असतात आणि सुरुवातीला तिला हातही लावू देत नाहीत, याचा बहुतेकांना राग येतो. मला मात्र हा क्रम योग्य वाटतो, कारण या खेळातले बरेचसे कसब पतंग सांभाळण्यात आहे. शिवाय या बेटाच्या आसपास उथळ आणि संथ पाणी मिळते. पडल्यावर पाय टेकतात, ही नवख्यासाठी मोठीच सोय आहे.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यावर पतंग आपल्यासमोरच्या साधारण पाव गोलाएवढ्या अवकाशात उडू शकतो. प्रशिक्षक तो घड्याळावर समजावतात : डोक्यावर बारा, डावीकडे नऊ, उजवीकडे तीन. या कडांवर पतंगाची ओढ सौम्य असते, पण तो मधोमध खाली आला की ती सर्वाधिक होते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे १० नॉटचा (ताशी १० सागरी मैलांचा) वारा २० नॉट झाला, तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणूनच वारा वाढला की पतंग लहान घ्यावा लागतो.

पतंगाच्या दोऱ्या जिला जोडलेल्या असतात ती हातातली दांडी जवळ घेतली की मागच्या दोऱ्या ताणल्या जाऊन ओढ वाढते, दूर सोडली की कमी होते. घाबरलेला माणूस हाती असेल ते घट्ट धरतो, आणि इथे नेमके सोडायचे असते. संक्रांतीला ढील देणाऱ्या आपल्या लोकांना हे लवकर जमावे, असा माझा भाबडा समज होता. तसे काही दिसले नाही. दांडी सोडूनही भागले नाही, तर कमरेच्या पट्ट्याजवळची सुटकेची कळ दाबायची. पतंग मग एकाच दोरीवर निर्बळ होऊन पडतो. ही कळ न पाहता हाताला सापडली पाहिजे.

यानंतर फळीविना, पालथे पडून, पतंगामागे पाण्यातून ओढले जाण्याचा सराव असतो. तो दिसायला हास्यास्पद आहे, पण मला सर्वांत मोलाचा वाटतो. पडल्यावर पतंग आपल्याला वाऱ्यासोबत पुढे नेतो आणि फळी मागे राहते. एक हात पाण्यात ताठ रोवून नागमोडी मार्गाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरकता आले, तरच ती परत मिळते. पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उडवता येतो, याचे श्रेय ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांना द्यावे लागेल. हवा भरलेल्या, तरंगणाऱ्या पतंगाचे पेटंट त्यांनी १९८४ मध्ये नोंदवले.

फळीवर उभे राहताना पतंग बारावर ठेवायचा, गुडघे छातीशी घ्यायचे आणि पतंगाला जायच्या दिशेने झपकन खाली आणायचे. स्वतः उठण्याची घाई केली की तोल जातो. पतंगाला उचलू द्यावे. टाचांवर भार देऊन फळीची कड पाण्यात रुतवता येईपर्यंत प्रत्येक जण वाऱ्यासोबत वाहत जातो आणि सगळे सामान सांभाळत किनाऱ्याने चालत परततो.