मिश्रीची डबी

सकाळी उपवन तलावाला फेरी मारून आले, तर सोसायटीत बीपी तपासणी चालू होती. शेजारच्या काकूंचा आकडा १६८/९८. "अगं, मला कुठे काय होतंय? डोकंसुद्धा दुखत नाही!" तर्जनीवर दातांना लावायच्या मिश्रीचा काळा डाग तसाच. सिगारेट वाईट हे त्यांना पाठ; पण मिश्री म्हणजे तंबाखूच, हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बीपी दुखत नाही, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. आणि बायकांना हार्ट अटॅकमध्ये कधी छातीत कळ न येता नुसती धाप लागते, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं. आपण ॲसिडिटी समजून सोडा पितो! संध्याकाळी काकूंना डॉक्टरांकडे नेलं. परतताना रिक्षात त्यांनी मिश्रीची डबी गुपचूप माझ्या हातात ठेवली.