लिफ्ट केलेल्या पिकअपचं इंजिन ऑइल कसं मोजायचं

लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारा सस्पेन्शनचा संच) बसवून गाडी बाहेर आली की लगेच तक्रार येते: ऑइल कमी दाखवतंय. नाहीतर उलट, कुणी टाकलेलं नसताना वाढलंय. ऑइल बहुतेक वेळा तेवढंच असतं, बदललेली असते ती गाडीची बैठक.

चारही कोपरे सारखेच उचलले, किंवा चारही टायर सारखेच मोठे घातले, तर डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीच्या, रीडिंगला काही होत नाही. घोळ होतो तो पुढची बाजू जास्त उचलल्यावर. पिकअप कंपनीतून येते तेव्हा मागून थोडी चढी असते, कारण माल भरल्यावर ती बसणार असते. पुढे स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) टाकून ती सपाट केली की चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातलं, ऑइल मागे सरकतं. डिपस्टिक चेंबरच्या मध्यापेक्षा मागे असेल तर ऑइल जास्त दिसतं, पुढे असेल तर कमी. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो, कारण कमी दिसलं की माणूस वरून ओततो.

आकडे मांडून बघू. पुढे ६० मिमी आणि मागे २० मिमी उचललं, म्हणजे फरक ४० मिमी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३१०० मिमीच्या आसपास धरला तर कोन एक अंशही होत नाही. डिपस्टिक चेंबरच्या मध्यापासून २५० मिमी मागे असेल तर रीडिंग साधारण ३ मिमीने वर जाईल. पट्टीवरच्या मिन आणि मॅक्स खुणांमध्ये २० मिमी अंतर आणि एक लिटर ऑइल असेल, तर हा फरक दीडशे मिलीच्या घरातला. घाबरण्यासारखं काही नाही, पण माहीत हवं.

किटच्या खोक्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्झॉर्बरच्या जोडीच्या) डोक्यावर २५ मिमीचा स्पेसर टाकला की चाकापाशी गाडी जवळपास ५० मिमी उचलली जाते, कारण स्ट्रट खालच्या आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यावर, चाकापासून आत बसलेला असतो. मागे पाट्यांखाली (लीफ स्प्रिंगखाली) ब्लॉक टाकला तर जेवढा ब्लॉक तेवढीच उंची. लांब शॅकल (पाट्यांचं टोक चॅसीला जोडणारी कडी) टाकली तर वाढीव लांबीच्या साधारण निम्मी. म्हणून काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर, हबच्या (चाकाच्या) मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत चारही ठिकाणी टेपने मोजा आणि लिहून ठेवा.

आता खरा गुन्हेगार: जमीन. पुण्यात सपाट जागा मिळणं हेच अवघड. बावधन, वारजेकडच्या सोसायट्यांचं पार्किंग उताराचं, पेट्रोल पंपाची फरशी पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम ढाळाची, आणि रस्ता गटाराकडे झुकलेला. डावं चाक उजव्यापेक्षा ५० मिमी खाली असेल आणि डिपस्टिक मध्यापासून १२० मिमी बाजूला असेल, तर रीडिंग जवळजवळ ४ मिमीने चुकतं. म्हणजे वरच्या लिफ्टपेक्षा जास्त! सगळे दोष लिफ्टला देतात.

जागा तपासायला गवंड्याची लेव्हल ट्यूब सगळ्यात चांगली. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. चाकं जिथे टेकणार त्या चार जागांवर पाण्याची पातळी जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. चारही आकडे ५ मिमीच्या आत असले की जागा पक्की. खडूने खुणा करा आणि दरवेळी तिथेच मोजा.

मग दोन रीडिंग घ्यायची. पहिलं या सपाट जागेवर. इंजिन गरम करून बंद करा, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढं थांबा. वेळ दिली नसेल तर १० मिनिटं. गाडी रिकामी हवी, कारण हौद्यात माल असेल तर मागची बाजू बसते. पट्टी पुसायला सुती फडकं घ्या. कॉटन वेस्टचे (गॅरेजमधल्या सुताच्या गुंत्याचे) धागे पट्टीला चिकटून आत जातात. पट्टी तळापर्यंत बसली पाहिजे. ओ-रिंगवर (पट्टीच्या मुठीखालच्या रबरी कड्यावर) अडकून वर राहिली तर ऑइल कमी दिसतं. दोन्ही बाजू बघा, कमी दिसेल ती धरा.

दुसऱ्या रीडिंगसाठी फरकाएवढ्या जाडीच्या, इथे ४० मिमीच्या, दोन फळ्या मागच्या चाकांखाली घ्या. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये असे तुकडे सहज मिळतात. रुंदी ३०० मिमी तरी हवी, म्हणजे टायर पूर्ण टेकतो. हळू चढवा, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. इंजिन चालू केल्यामुळे पुन्हा तेवढाच वेळ थांबा. आता इंजिन कंपनीच्या मूळ कोनात आहे, म्हणून हे रीडिंग खरं. दोघांतला फरक एका स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा: ‘सपाट जमिनीवर ३ मिमी जास्त दाखवते.’ पट्टीवर कानशीने खाच पाडू नका.

जॅकवर किंवा गॅरेजच्या दोन खांबी लिफ्टवर गाडी असताना मोजलेलं रीडिंग सोडून द्या. तिथे चॅसीचा कोन जॅक किंवा लिफ्टचे हात कुठे लावलेत त्यावर ठरतो.

जास्त पडलंच असेल तर डिपस्टिकच्या नळीतून सिरिंज आणि बारीक नळीने ओढून काढा, ड्रेन बोल्टला हात लावायची गरज नाही. पण काढाच. पातळी फार वर गेली की क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो आणि फेसाने ऑइलचं प्रेशर कमी होतं. शिवाय ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल इंटरकूलरपर्यंत, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या रेडिएटरपर्यंत, पोचतं.

लिफ्टमुळे रीडिंग बदलतं ते एकदाच. स्प्रिंगा बसल्या की, म्हणजे हजारेक किलोमीटरनंतर, थोडं हलेल. तेव्हा उंची पुन्हा मोजा. त्यानंतरही पातळी दर आठवड्याला चढत असेल तर प्रकरण वेगळं आहे. बीएस-६ डिझेल गाडी रोज हिंजवडीच्या गर्दीत रांगत असेल तर डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकणं, अर्धवट राहतं आणि त्यासाठी जादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवरचा थेंब पातळ लागतो, डिझेलचा वास येतो. तिथे फळ्या लावून उपयोग नाही. ऑइल आणि फिल्टर बदला आणि रिजनरेशन पूर्ण होतंय का ते स्कॅनर लावून बघा.