झॅबिक्स सर्व्हरच्या आलेखात भलत्याच मशीनचे आकडे

झॅबिक्स म्हणजे नेटवर्कमधल्या मशीनवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याचा सर्व्हर स्वतःवरही लक्ष ठेवतो, स्वतःला एक होस्ट (लक्ष ठेवलेलं मशीन) धरून. त्या होस्टचा अपटाइम, म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, एकदा 200 दिवस, लगेच 3 तास, पुन्हा 200 दिवस असा दिसायला लागला, सीपीयूची रेघ उगाच वर-खाली व्हायला लागली आणि जोडीला सिस्टिमचं नाव बदलल्याचा अलर्ट आला, की सर्व्हरवर शोधाशोध करू नका. नेटवर्कमधल्या दुसऱ्याच मशीनवरचा एजंट, म्हणजे तिथले आकडे सर्व्हरला देणारा छोटा प्रोग्राम, त्याच्या नावावर डेटा पाठवतोय.

एजंटच्या मूळ कॉन्फिग फाइलमध्ये होस्टनेमची ओळ रिकामी नसते, तिथे 'झॅबिक्स सर्व्हर' हेच नाव भरलेलं येतं. नव्या मशीनवर सर्व्हर आणि सर्व्हरअ‍ॅक्टिव्ह या दोन ओळींत आयपी टाकला जातो, सर्व्हिस रीस्टार्ट होते आणि होस्टनेम तसंच राहतं. पॅसिव्ह चेक तरीही व्यवस्थित चालतात, कारण तिथे सर्व्हर स्वतः त्या मशीनच्या आयपीवर, 10050 पोर्टवर जाऊन विचारतो. नावाशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणूनच ही चूक महिनोन् महिने लपून राहते. अ‍ॅक्टिव्ह चेकमध्ये मात्र एजंट 10051 वर येतो, आपलं नाव सांगतो आणि चेकची यादी मागतो. एन्क्रिप्शन नसेल तर सर्व्हर फक्त नाव जुळतं का बघतो, कुठल्या आयपीवरून आलं ते बघत नाही. झॅबिक्स सर्व्हरच्या होस्टला अ‍ॅक्टिव्ह टेम्पलेट (अ‍ॅक्टिव्ह चेकचा तयार संच) जोडलेलं असलं की झाली सरमिसळ. व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) क्लोन केल्यावरही नेमकं हेच होतं, फक्त नाव दुसऱ्या कुणाचं असतं.

चोर पकडायला 'लेटेस्ट डेटा'त जाऊन सिस्टिम नेम या आयटमची हिस्टरी उघडा. दोन नावं आलटून पालटून दिसतील, त्यातलं परकं नाव ज्याचं, तेच तुम्ही शोधत असलेलं मशीन.

त्या मशीनवर होस्टनेमच्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) लावा, म्हणजे एजंट ऑपरेटिंग सिस्टिमकडून नाव घेईल. ते नाव फ्रंटएंडमधल्या (झॅबिक्सच्या वेब पानावरच्या) 'होस्ट नेम'शी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, कॅपिटल-स्मॉलसकट. 'व्हिजिबल नेम' इथे उपयोगाचं नाही. जुळलं नाही तर एजंटच्या लॉगमध्ये होस्ट सापडला नसल्याची ओळ येते. ती आली तर बरंच, निदान चूक समोर तरी येते.

फाइल बदलण्याआधी कुठला एजंट चालू आहे ते पाहा. जुना एजंट आणि एजंट 2 यांच्या कॉन्फिग फाइली वेगळ्या असतात, आणि चालू नसलेल्या एजंटची फाइल दुरुस्त करत बसलेले लोक भरपूर आहेत. दोन्ही इन्स्टॉल असतील तर 10050 पोर्ट एकालाच मिळतो.

झॅबिक्स 6.0 पासूनच्या हाय अ‍ॅव्हेलेबिलिटी क्लस्टरमध्ये (एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा काम घेतो, अशा गटात) सर्व्हरअ‍ॅक्टिव्हमधले नोड, म्हणजे गटातले सर्व्हर, अर्धविरामाने वेगळे करा. स्वल्पविराम दिला तर एजंट त्यांना स्वतंत्र सर्व्हर समजतो.

ही सरमिसळ कायमची थांबवायची असेल तर प्रत्येक होस्टला वेगळी पीएसके (एन्क्रिप्शनसाठी दोन्हीकडे आधीच ठेवलेली गुप्त की) द्या. मग नाव बरोबर पण की चुकीची असलेल्या एजंटला सर्व्हर दारातूनच परत पाठवतो.