टांझानियातली निवडणूक आणि आमच्या दादांचं बोट

स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, त्यामुळे आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना मी गेली अकरा वर्षं दादा म्हणते. 2015 च्या ऑक्टोबरात मत देऊन आल्या तेव्हा दादांनी आधी शाईचं बोट दाखवलं आणि मगच कणकेला हात लावला. कणीक झाकायला त्यांचं एक हिरवं-पिवळं खांगा, म्हणजे इथल्या बायका अंगाला गुंडाळतात ते छापील सुती कापड, आहे, त्यावर कुदळ आणि हातोडा, म्हणजे सीसीएम, चामा चा मापिंदुझी, इथला सत्ताधारी पक्ष. प्रचारात फुकट मिळालेलं. मत मात्र विरोधकांना दिलं होतं, हे त्यांनी हळूच सांगितलं.

सीसीएम 1977 साली स्थापन झाला, पण त्याच्या आधीचा टानू हा पक्ष धरला तर स्वातंत्र्यापासून सत्ता एकाच घरात आहे. गंमत म्हणजे 1991 मध्ये एकच पक्ष हवा की अनेक, हे न्यालाली आयोगाने लोकांना विचारलं तेव्हा साधारण 80 टक्के लोक एकच पक्ष बरा म्हणाले होते, तरी आयोगाने बहुपक्षीय पद्धत सुचवली, पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंनी पाठिंबा दिला, 1992 मध्ये कायदा झाला आणि 1995 ला पहिली निवडणूक. पण पक्ष आणि सरकार वेगळं करणं कागदावर सोपं असतं हो. गल्लीत दर दहा घरांमागे पक्षाचा एक माणूस असतो, त्याला बालोझी म्हणतात, भांडण मिटवायला तोच, ओळख पटवायलाही तोच, मग विरोधात उघड बोलणार कोण? त्यात राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल एकदा निवडणूक आयोगाने जाहीर केला की त्याला कोर्टात आव्हान देता येत नाही, तसं राज्यघटनेतच लिहिलंय.

तरी 2015 ला चुरस होती. सीसीएममधूनच बाहेर पडलेले माजी पंतप्रधान लोवासा विरोधकांकडून उभे राहिले, त्यांना 40 टक्क्यांच्या आसपास मतं आणि सीसीएमच्या मागुफुलींना 58. त्या वेळी मला खरंच वाटलं होतं की पुढच्या खेपेला काहीतरी होईल. पुढच्या खेपेला, 2020 ला, मागुफुली 84 टक्क्यांवर गेले.

आणि 2025. चाडेमा या मुख्य विरोधी पक्षाचे नेते तुंडू लिस्सू एप्रिलपासून देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात, आचारसंहितेवर सही केली नाही म्हणून चाडेमाच निवडणुकीतून बाद, दुसऱ्या मोठ्या विरोधी पक्षाचा उमेदवारही अपात्र. 29 ऑक्टोबरला मतदान सुरू असतानाच रस्त्यावर निदर्शनं पेटली, इंटरनेट बंद, दार-ए-सलाममध्ये संध्याकाळी सहापासून कर्फ्यू. चार-पाच दिवस व्हॉट्सअ‍ॅप नाही, साताऱ्यात आई नुसती टीव्हीसमोर बसून. मी इथे खिडक्या बंद करून बसलेले आणि डोक्यात एकच, दादा कुठे असतील, त्यांचा मुलगा विशीतला आहे. किती माणसं मेली याचे सरकारचे आणि विरोधकांचे आकडे आजही जुळत नाहीत, आणि मला ते फार लागतं, कारण ही मुलं म्हणजे कुणी परके नाहीत, आमच्या कोपऱ्यावर बोडाबोडा, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली, चालवणारी आहेत.

निकाल आला, सीसीएमच्याच राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांना 97.66 टक्के. शपथविधी डोडोमात लष्करी मैदानावर झाला, सामान्य लोकांना प्रवेश नव्हता.

नेट आल्यानंतर दोन दिवसांनी दादा आल्या. मुलगा सुखरूप, हे त्यांनी दारातूनच सांगितलं. मी आधी त्यांच्या बोटाकडे बघितलं, शाई नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, "मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो असतात ना, ज्यांना मत द्यायचं होतं त्यांचा फोटोच नव्हता, मग रांगेत कशाला उभी राहू?"

आणि कणीक मळायला घेतली. खांगा तेच होतं, धुऊन धुऊन कुदळ आता नीट दिसत नाही.