"वजन 58. डोस?"

आमच्याकडे फार्मसीचा एक प्रशिक्षणार्थी केस मांडतो आणि बाकीचे फॉर्म भरून त्याला गुण देतात. मांडायला सगळे शिकतात, दुसऱ्याचं ऐकून तपासायला कुणी शिकवलेलं नसतं. त्यामुळे "छान झालं, आवाज जरा मोठा हवा" याच्या पुढे गाडी जात नाही.

परवा एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजाराची केस होती. पुरुष, वय 82, वजन 58 किलो, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) 1.1, औषध अपिक्साबॅन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं. पोरानं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रानं क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती वेगानं साफ करते तो आकडा काढला, 42 आला. म्हणाला, "किडनी ठीकठाक आहे, 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालेल." गणित बरोबर, निर्णय चूक. या आजारात अपिक्साबॅनचा डोस कमी करायचा की नाही ते नुसता क्लिअरन्स बघून ठरत नाही. वय 80 किंवा जास्त, वजन 60 किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त, यांतलं कुठलंही दोन जुळलं की 2.5 दोनदा. इथे वय आणि वजन दोन्ही जुळत होतं.

फॉर्मवर जिकडेतिकडे चार नाहीतर पाच गुण. एका मुलीनं समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "वजन 58. डोस?" आणि गुण पाचपैकी पाच!

तिला विचारलं. "मॅडम, रकाने आहेत स्लाइड, आवाज, वेळ आणि प्रश्नोत्तरांचे. ते सगळं चांगलंच होतं. डोसचे गुण कुठे कापू?" मग हळूच म्हणाली, "आणि पुढची केस माझी आहे."

रकान्यांबद्दल ती शंभर टक्के खरं बोलली. मी वर विचारून पाहिलं तर उत्तर आलं, रकाना वाढवला तर आधीच्या तुकडीशी तुलना करता येणार नाही. धन्य!

तिला त्याच्याशी समोरासमोर बोलायला लावलं. सुरुवात केली "तुझा डोस चुकलाय" अशी. तो लगेच क्लिअरन्सचं गणित घेऊन भांडायला उभा. तिला थांबवलं, म्हटलं, काय दिसलं ते सांग, कुठे दिसलं ते सांग, रुग्णाचं काय होईल ते सांग. मग म्हणाली, "चौथ्या स्लाइडवर वजन 58 लिहिलंयस, पण डोस ठरवताना ते कुठेच आलं नाही. 5 दिलं तर रक्तस्रावाची जोखीम वाढेल. वय आणि वजनाचा निकष परत बघतोस का?" त्यानं तिथेच औषधाचं माहितीपत्रक उघडलं.

वाचून झाल्यावर त्यानं मलाच विचारलं, "बाकीच्यांना कळलं नाही, की कळूनही बोलले नाहीत?" मला सांगता आलं नाही. कळलं नसेल तर निकष पुन्हा शिकवता येतील. कळूनही गप्प बसले असतील, तर त्यांच्याकडून काय करून घ्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.