तेरा की सव्वीस

आक्का कचेरीत आल्या तेव्हा त्यांचा पेन्शन फंडातले पैसे एकरकमी काढायचा १०-सी चा फॉर्म मी भरून ठेवला होता. नाव, यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, सगळं. त्यांनी फक्त सही करायची होती. पेन्शनचा अर्ज, म्हणजे १०-डी, त्याच आठवड्यात परत आला होता. शेरा एका ओळीचा: सेवा दहा वर्षांपेक्षा कमी. दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शन नाही, जमा सेवेचे एकरकमी पैसे घ्यायचे आणि खातं मिटवायचं. बावीस वर्षांत हे मी कितीतरी बायांना सांगितलं आहे.

आक्कांनी पेन घेतलं नाही. फॉर्मकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, मी रोज उनी ना? सतरा वरीस रोज उनी. मंग दहा काब्र नही भरनात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी जळगावला एका कामगार संघटनेच्या कचेरीत पीएफ आणि पेन्शनचे कागद बघते. गेटसभा, मागणीपत्र, पगारवाढीची बोलणी हे पुढाऱ्यांचं काम. माझ्याकडे माणूस येतो तो बहुधा कामावरून उतरल्यावर. आक्का एका डाळ मिलमध्ये अर्धवेळ होत्या. सकाळी आठ ते बारा. गाळा झाडायचा, चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, गोळा करून पोत्यात भरायची, ताडपत्र्या झटकायच्या, हमालांच्या पिण्याच्या पाण्याचे माठ भरायचे. १ ऑगस्ट २००६ ते ३१ मार्च २०२४, अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत. सतरा वर्षं आठ महिने.

कागदावर त्यांची सेवा आठ वर्षं दहा महिने होती. बरोब्बर निम्मी. हे निम्मेपण आम्हाला कधी खटकलं नाही. अर्धवेळ बाई, अर्धा पगार, अर्धी सेवा, हे कानाला इतकं सरळ वाटतं की कुणी हिशेब तपासत नाही. मीही तपासला नव्हता.

त्या दुपारी मी तो तपासला. मालक दर महिन्याला पीएफच्या पोर्टलवर जी फाइल चढवतो तिला ईसीआर म्हणतात. दिसायला ती साधी मजकुराची फाइल असते. एका कामगाराची एक ओळ, ओळीत अकरा रकाने, आणि दोन रकान्यांच्या मध्ये एक विचित्र खूण: चौकट, तरंगरेघ, चौकट. यूएएन, नाव, एकूण पगार, मग पीएफ, पेन्शन आणि विम्याचा पगार, मग तीन रकान्यांत भरलेली वर्गणी. दहावा रकाना एनसीपीचा, म्हणजे महिन्यातल्या ज्या दिवसांचा पगार मिळाला नाही ते दिवस. या रकान्यातला आकडा सेवेतून वजा होतो. सगळेजण पैशांचे रकाने पाहतात, दहावा कुणी वाचत नाही. पासबुकाच्या पानावरही पैसेच दिसतात. दिवस पाहायचे तर सेवेच्या इतिहासाचं वेगळं पान उघडावं लागतं, आणि ते उघडलेला कामगार मी आजवर पाहिलेला नाही.

आक्कांच्या ओळीत दहाव्या रकान्यात दर महिन्याला निम्मा महिना गैरहजेरी लागलेली होती.

मिलचा दिवाणजी पगार काढायचा तेरा दिवसांचा. पूर्ण दिवसाचा दर ४६० रुपये, तेरा दिवसांचे ५,९८०. प्रत्यक्षात आक्का सव्वीस दिवस येत, अर्ध्या दिवसाचे २३० प्रमाणे. सव्वीस गुणिले २३०, तेही ५,९८०. पैसा दोन्हीकडून तोच. वर्गणी तीच, आक्कांच्या हातात पडणारी रक्कम तीच. म्हणून सतरा वर्षं ना त्यांनी तक्रार केली, ना संघटनेनं, ना वर्षाला एकदा येणाऱ्या ऑडिटरनं. पैसे बरोबर होते आणि दिवस चोरीला गेले होते.

कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. मालकाच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के तीत जातात. कामगाराच्या पगारातून कापलेला एक रुपयाही पेन्शनमध्ये जात नाही, हे पंचवीस वर्षं नोकरी केलेल्यालाही मला सांगावं लागतं. पेन्शन किती, तर शेवटच्या साठ महिन्यांची पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षं भागिले सत्तर. किती तास काम केलं हे त्यात कुठेच येत नाही. चार तासांची माणसं सूत्रात पगाराच्या बाजूनं आधीच कमी झालेली असतात. त्यांची वर्षंही निम्मी केली तर एकाच गोष्टीची कपात दोनदा होते, आणि दुसऱ्या कपातीत पेन्शनची पात्रताच जाते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एमआयडीसीत गेलो. मे महिना, सकाळी दहालाच डांबर पाघळायला लागलेलं. आक्कांनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि त्याच्या टोकाला भाकरी बांधून आणली होती. मिलमध्ये शिरताच त्यांचे हात सवयीनं झाडूकडे गेले. मी म्हटलं, राहू द्या आक्का.

दिवाणजी माणूस वाईट नाही. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण आमच्या कचेरीत मालकाचा माणूस म्हटला की पुढचं ऐकायची गरज कुणाला वाटत नाही. त्यानं कपाट उघडलं आणि २००३ चा करार काढून माझ्यापुढे ठेवला. "ताई, तुमच्याच लोकांनी लिहिलंय." खरंच लिहिलेलं होतं. अर्धवेळ कामगारांना निम्मे वेतन व त्या प्रमाणात सर्व लाभ मिळतील. खाली आमच्या त्या वेळच्या पुढाऱ्याची सही. अर्धवेळ बायांना पीएफ मिळवून दिला म्हणून त्या वर्षी आम्ही गुलाल उधळला होता. आणि मिळवलेलं निम्मं परत काढून घेणारे "त्या प्रमाणात" हे दोन शब्द त्याच कागदावर होते. पगारवाढीचा आकडा फोडताना आमचे पुढारी रात्र रात्र बसतात, पण कराराची भाषा शेवटच्या तासात, चहा येईपर्यंत उरकतात. हे मी बैठकीतही बोलले आहे.

मी दिवाणजीला म्हटलं, प्रमाण पैशाला लागतं, दिवसाला नाही. बाई चार तास आली तरी तो दिवस आलाच. आणि पीएफचा कायदा १९५२ चा आहे, योजना त्याखालची आहे. करारानं त्यातलं जास्त देता येतं, कमी करता येत नाही. तो ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "हेच तुम्ही मला आधीपण सांगितलं होतं. ईएसआयच्या वेळेला."

माझ्या पायाखालची फरशी सरकली असं वाटलं.

२००९ साली याच मिलमधल्या एका अर्धवेळ बाईचा ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, आजारपणाचा भत्ता नाकारला गेला होता. त्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात निदान ७८ दिवसांची वर्गणी लागते. तेराच्या हिशेबानं सहा महिन्यांचे बरोब्बर ७८ होतात, एकही रजा चालत नाही. तिचे ७६ भरले होते. ते भांडण मी लढले होते. हाच दिवाणजी, हेच टेबल, हेच वाक्य, चार तास आली तरी तो दिवस आलाच. तेव्हापासून ईएसआयच्या पत्रकात त्यानं सव्वीस लिहायला सुरुवात केली, आणि पीएफच्या पत्रकात तेरा तसेच राहिले. त्याला कुणी सांगितलं नाही. सांगायचं काम माझं होतं.

पण त्या पत्रकांनीच आक्कांचं काम झालं. एकच मालक, एकच महिना, एकच बाई, आणि दोन सरकारी पत्रकांत दोन आकडे, हे कागदावर मांडलं की पुढे बोलावं लागत नाही. २००९ नंतरच्या वर्षांना ईएसआयचा आधार मिळाला. त्याआधीच्या तीन वर्षांना हजेरीचं मस्टरच हवं होतं. जुनी मस्टरं मागच्या गोदामात पोत्यांत होती, तुरीच्या चुनीच्या थप्पीखाली. दिवाणजी, मी, आक्का आणि आक्कांच्या जागेवर आलेली नवी पोर, चौघांनी दुपारी अडीचपर्यंत पोती उपसली. २०११ ते २०१३ च्या वह्या वाळवीनं खाल्लेल्या. २००६, ७, ८ सुखरूप. आक्कांना लिहिता-वाचता जेमतेम येतं, पण स्वतःची ओळ त्यांनी माझ्याआधी शोधली. मुकादम पूर्णवेळेला "ह" मांडायचा आणि अर्धवेळेला "अ". सव्वीस दिवस, सव्वीस "अ". आक्का एकेका "अ" वर बोट ठेवत गेल्या आणि मी मोजत गेले.

खऱ्या गैरहजेऱ्याही मोजल्या, कारण त्या लपवल्या असत्या तर पुढचं सगळं खोटं ठरलं असतं. सतरा वर्षं आठ महिन्यांत बिनपगारी दिवस निघाले ४७. नवरा गेला तेव्हाचे बारा, चिकुनगुन्याचे एकवीस, बाकी लेकीच्या बाळंतपणाचे. वरचे सहा महिने किंवा जास्त भरले तर पूर्ण वर्ष धरतात, म्हणून हे ४७ फार जपून मोजावे लागले. आणखी पंधरा निघाले असते तर अठराची सतरा वर्षं झाली असती आणि महिन्याचे ऐंशी रुपये कायमचे गेले असते. आक्कांची सरासरी ५,६०० होती. गुणिले अठरा, भागिले सत्तर, १,४४०.

फार नाहीत हे मलाही कळतं. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० वर आहे आणि ७,५०० करा म्हणून पेन्शनर वर्षानुवर्षं उपोषणं करत आहेत. पण १०-सी वर सही झाली असती तर आक्कांना पन्नास हजारांच्या घरात एकदाच मिळाले असते. ते पैसे या १,४४० नं तीन-सव्वातीन वर्षांत ओलांडले असते. आणि एकरकमी पैसा घरात आला की तो कुणाचा होतो हे मी पाहिलेलं आहे. पोराची मोटारसायकल होते, नाहीतर लग्नातला मंडप होतो. महिन्याला येणारे १,४४० मात्र बाईचेच राहतात.

मालकाच्या सही-शिक्क्याचं दुरुस्तीपत्र, महिनावार तक्ता, मस्टरच्या आणि ईएसआय पत्रकांच्या साक्षांकित प्रती, असा एकशे नव्वद पानांचा गठ्ठा मी पीएफ कार्यालयात दिला. दोनदा त्रुटी निघाली, एकदा तर जन्मतारखेच्या एका आकड्यासाठी. दिवाळीच्या आठ दिवस आधी पेन्शनचा आदेश आला, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यापासूनच्या थकबाकीसह. आक्कांनी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा डब्यात घालून आणला आणि आदेश पदरात गुंडाळून नेला. त्याच मिलमधल्या नऊ अर्धवेळ बायांचे दिवस आता सव्वीस लागतात. आणखी दोन मिलींचे ईसीआर काढून पाहिले, तिथंही तेराच होते. ते काम चालू आहे.

इथं थांबता आलं असतं तर हे लिहायला बसले नसते.

आक्कांच्या आधीपासून त्या मिलमध्ये अजून एक जण अर्धवेळ होत्या, आम्ही त्यांना मामी म्हणायचो. २००३ च्या करारापासून २०१५ पर्यंत बारा वर्षं. कागदावर सहा. २०१५ मध्ये त्याही याच टेबलासमोर बसल्या होत्या. मी १०-सी पुढे केला आणि त्यांनी काही न विचारता सही केली. एकोणीस हजारांच्या वर काही आले. पगार ३,२०० च असल्यानं सूत्रानं पेन्शन साडेपाचशेच्या आसपास निघाली असती, पण किमान १,००० चा नियम तोवर लागू झालेला होता. २०१५ पासूनच्या नऊ वर्षांचे एक लाख आठ हजार. आणि पुढेही, त्या आहेत तोवर. एकदा पैसे उचलले की ती सेवा संपते, ती पुन्हा उभी राहत नाही.

आक्कांचा आदेश आल्यानंतरच्या रविवारी मी एसटीनं अमळनेरच्या बाजूला मामींच्या गावी गेले. अंगणात बिबड्या वाळत होत्या. त्यांनी ओळखलं, चहा टाकला, बिबडी भाजून दिली. मी सगळं सांगितलं, तेरा, सव्वीस, ईएसआयचं भांडण, आणि त्या वेळी मी पान उघडून पाहिलं नाही हेही. पैसे आता मिळणार नाहीत हे दोनदा सांगितलं, कारण आशा लावून जायची नव्हती.

मामी बराच वेळ चुलीकडे बघत होत्या. मग विचारलं, "म्हणजे मनं बारा वरीस शे, सहा नही?"

मी म्हटलं, बाराच.

"मंग तितलं कागदवर लिखी दे माले."

मी परत येऊन दिवाणजीकडून सेवेचं पत्र करून घेतलं. त्यानं आधी "अर्धवेळ" शब्द घालून टाइप केलं होतं. तो काढायचा की ठेवायचा यावर आम्ही थोडा वेळ बोललो आणि ठेवला, कारण तो खरा आहे. खाली तारखा आहेत, १ एप्रिल २००३ ते ३१ मार्च २०१५, आणि एकूण सेवा, बारा वर्षे, आकड्यात आणि अक्षरात. मालक गावाला गेले आहेत. सही सोमवारी होईल असं दिवाणजी म्हणाला.